तारू, ट्रंक आणि जक्कयचं झाड

आपल्या संस्थेचा पहिला प्रयोग पुरा झालाच नाही. योना माशाच्या पोटात गेला आणि तेवढ्यात गावात मुक्कामी एसटी शिरली. चर्चसमोरच्या पटांगणात बसलेली सगळी पोरं उठली आणि गाडीमागे पळाली. गाडीतून कोण उतरतं हे बघणं हा त्या गावातला रोजचा कार्यक्रम होता, आणि तो आमच्यापेक्षा जुना होता. योना पोटातच राहिला. पाळकसाहेबांनी शेवटची प्रार्थना घेतली, मोठ्या माणसांनी ‘छान झालं’ म्हणून आमची समजूत काढली. सरांनी त्या रात्री वहीत एवढीच नोंद केली की पुढच्या वेळी गाडी येऊन गेल्यावर सुरू करायचं.

धर्मादाय आयुक्तांकडे दिलेल्या कागदांत संस्थेचे उद्देश कलमवार लिहिलेले आहेत. मी मात्र त्या वहीतल्या नोंदीलाच आपली घटना मानतो. गेल्या पंचवीस वर्षांत आपण जे काही शिकलो ते टेबलाशी बसून शिकलो नाही. रस्त्यानं शिकवलं, तेही बहुधा फजिती करून.

स्मरणिकेच्या संपादक मंडळानं संस्थेचा इतिहास ‘सनावळीसह’ मागितला आहे. पदाधिकाऱ्यांच्या याद्या, दौऱ्यांचा तक्ता आणि हिशेब मागच्या पानांवर आहेत, संस्थेचं नाव मुखपृष्ठावर आहेच. त्यामुळे माणसं इथे आम्ही दौऱ्यात ज्या नावांनी हाका मारायचो त्याच नावांनी येतील: सर, बाई, पेटीमास्तर, मावशी. मी स्वतः सतराव्या वर्षी आलो, दानीएलच्या नाटकात सिंह नंबर दोन म्हणून. सिंह नंबर एक मुंबईला नोकरीला गेला तेव्हा माझी बढती झाली. आज चिटणीस आहे. सिंहाचं काम जास्त जमायचं.

आपण काही नवं केलं असं नाही, हे आधी सांगून टाकतो. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत आलं १८१३ला, नगरला आलं १८३१ला. (सरकारी कागदावर आता अहिल्यानगर, पण दौऱ्याच्या वहीत सगळीकडे ‘नगर’ आहे, तेच ठेवतो.) ‘ज्ञानोदय’ नगरलाच १८४२ साली निघाला आणि पुढे १८७२ला खास मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ सुरू झाला. त्याच नगरात कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. नमन तेच, पूर्वरंग-उत्तररंग तेच, चिपळ्या त्याच; आख्यान मात्र उधळ्या पुत्राचं. नारायण वामन टिळक १८९५ला ख्रिस्ती झाले आणि नगरला आले. फुला-मुलांचे कवी म्हणून त्यांना महाराष्ट्र ओळखतो; आमच्या मंडळ्यांत ते ‘उपासना-संगीता’तून दर रविवारी भेटतात. आणखी मागं जायचं तर फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६चं आहे, ओव्यांतलं. मराठी माणसाला गोष्ट सांगायची तर ती गाऊन सांगावी लागते, हे आपल्या खापरपणज्यांना पक्कं ठाऊक होतं.

मधल्या काळात आपण ते विसरलो, असं माझं मत आहे. शब्बाथशाळेत फ्लॅनेलचा फळा आला, त्यावर चिकटवायची गोऱ्या येशूची कागदी चित्रं आली, आणि भाषांतर केलेली हातवाऱ्यांची गाणी आली. त्या गाण्यांत शब्द कमी पडले की ‘रे’ घालायचा आणि जास्त झाले की घाईनं गिळायचे. मीही ती म्हटली आहेत. हातवारे आठवतात, गाणी नाही.

सर चित्रकलेचे शिक्षक. लहानपणी गिरणगावात मामाकडे सुट्टीला गेले असताना त्यांनी बालनाट्य पाहिलं होतं. सुधा करमरकरांनी १९५९ला ‘लिटल थिएटर’ सुरू केलं ते रत्नाकर मतकरींच्या ‘मधुमंजिरी’नं. त्यानंतर मुंबईच्या मुलांना चेटकिणी नि राक्षस रंगमंचावर दिसू लागले. सरांचं म्हणणं साधं होतं: मुंबईच्या पोरांना पडदा, प्रकाश, धूर हे सगळं मिळतं; नगरकडच्या वडाळ्याच्या आणि शेवगावच्या मिशन बोर्डिंगातल्या पोरांना नाताळात तीच मेंढपाळांची नाटिका मिळते, आणि तीत डोक्याला टॉवेल बांधून आपल्यालाच उभं राहावं लागतं. त्यांना कधीतरी नुसतं प्रेक्षक होऊ द्या.

सुरुवातीला आम्ही पाच जण, दोन लोखंडी ट्रंका, एक पेटी आणि एक ढोलकी. प्रवास एसटीनं. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ला पुणे-नगर मार्गावरच धावली, म्हणून एसटीशी आमचं माहेरचं नातं आहे, असं सर प्रत्येक कंडक्टरला सांगायचे. कंडक्टर ऐकून घ्यायचे आणि ट्रंकेचं लगेज तिकीट फाडायचे.

पहिल्या वर्षीचा योनाचा मासा बांबूच्या कामट्यांचा होता. त्यावर गोणपाट, गोणपाटावर चुना. चांगला आठ हात लांब. टपावर बांधून दोन गावं केली. तिसऱ्या गावी जाताना वारा भरला आणि मासा ऊसाच्या शेतात जाऊन पडला. ड्रायव्हरनं गाडी थांबवली नाही, आणि त्याची चूक होती असं मला आजही वाटत नाही. त्या रात्री प्रयोग तर होता. मावशींनी त्यांची गोधडी काढली. मावशी म्हणजे जुन्या बायबलबाई, नवरा गेल्यावर आमच्या स्वयंपाकाला म्हणून आल्या आणि एकविसाव्या दिवशी निनवेची राणी झाल्या. त्यांनी आणि बाईंनी गोधडीची चार टोकं धरून ती योनावर टाकायची ठरवली. ऐन वेळी अंदाज चुकला, आणि गोधडी योनासकट पहिल्या रांगेतल्या दहा-बारा पोरांवर पडली. आत काळोख, वर गोधडी, आणि मधोमध योना रडतोय. पोरं किंचाळली, मग हसली, मग आतूनच योनाला सांगू लागली, ‘घाबरू नको, आम्ही आहे!’

त्यानंतर मासा पुन्हा बांधला नाही. आज आपल्याकडे तीन गोधड्या जोडून केलेला मासा आहे. तो ट्रंकेत मावतो, आणि प्रयोग झाला की आम्ही त्यावरच झोपतो. पुण्याच्या एका नाट्यमहोत्सवात कुणीतरी त्याला ‘प्रेक्षक-सहभागाचा प्रयोग’ म्हटलं. सर नुसतं ‘हो’ म्हणाले.

परवानगीचा आणि नोंदणीचा भाग थोडक्यात उरकतो, कारण तो जगला तेव्हाही कंटाळवाणाच होता. १८६०च्या कायद्याखाली संस्था, १९५०च्या कायद्याखाली सार्वजनिक न्यास, नाटकांच्या संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे, आणि प्रत्येक गावाच्या पोलीस ठाण्यात आधी अर्ज. या अर्जांची कार्बन कॉपी बाईंनी जपली, म्हणून आज दौऱ्यांचा तक्ता तरी लिहिता आला.

एका गोष्टीवर मात्र सुरुवातीलाच वाद झाला आणि तो इतिहासात यायला हवा. जिल्हा परिषदेच्या शाळांनी बोलावलं तर बायबलमधलं नाटक करायचं का? काही विश्वस्त म्हणाले, करायचं. सर नको म्हणाले. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, हे राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमात आहे, आणि सरांच्या मते ते कलम नसतं तरी पाहुण्यानं पाहुण्यासारखं वागावं. तेव्हापासून दुसरी ट्रंक निराळी झाली. हिरव्या ट्रंकेत बायबलची नाटकं, ती मंडळीत, वसतिगृहात, उन्हाळी बायबल शाळेत. काळ्या ट्रंकेत बाकीची. तिच्यातलं सर्वांत चाललेलं नाटक सावित्रीबाईंचं: नगरला सिंथिया फरारबाईंकडे अध्यापनाचे धडे घेणाऱ्या सावित्रीबाई फुले. ती गोष्ट आपल्याच गावची, आणि ती सांगायला कुणाची हरकत नसते. फरारबाईंचा झगा बाईंच्या लग्नातल्या गाऊनचा केला होता. बाईंनी तो स्वतः कापला, आणि आम्ही कुणी त्या वेळी खोलीत थांबलो नाही.

तरी हरकती आल्या. ‘कोण आलेत, कशाला आलेत’ हा प्रश्न रास्त आहे; आमच्याही गावात अनोळखी गाडी आली तर आम्ही तोच विचारतो. सर संहिता हातात द्यायचे आणि म्हणायचे, वाचा, मग ठरवा. एका गावात उपसरपंचांनी रात्री बसून दावीद-गल्याथ पूर्ण वाचलं. सकाळी म्हणाले, करा, पण तुमचा गल्याथ फार सभ्य बोलतो, पैलवान असा बोलत नाही. ते तालमीतले होते. त्यांनी सांगितलेली चार वाक्यं आजही त्या नाटकात आहेत आणि हशा त्यांनाच मिळतो. सगळीकडे असं झालं नाही. काही गावांतून ट्रंक न उघडता परत आलो. सरांनी त्या गावांची नावं वहीत लिहिली नाहीत, मीही लिहीत नाही.

आता जक्कय. जकातदारांचा मुख्य, ठेंगणा, येशूला बघायला उंबरावर चढतो. आपलं जुनं आणि आजही चालणारं नाटक. सरांची कल्पना अशी की झाड रंगवून न्यायचंच नाही. उंबर कुठल्या गावात नाही? पेटीमास्तरांचा धाकटा मुलगा जक्कय व्हायचा, खारीसारखा चढायचा. आठ-दहा प्रयोग झकास झाले. मग गोदाकाठच्या एका गावात तो चढायला गेला आणि म्हाताऱ्या माणसांत कुजबुज सुरू झाली. बुंध्याला पार होता, पारावर पादुका होत्या. तो दत्ताचा औदुंबर होता. आम्ही उजेडी पाहिलं नव्हतं, रात्रीच पोचलो होतो. सरांनी नाटक थांबवलं, हात जोडून माफी मागितली. क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग एक आजोबा उठले आणि म्हणाले, ‘झाड राहू द्या, माझी गाडी घ्या.’ चौघा पोरांनी बैलगाडी ओढत आणली, जू जमिनीला टेकवून मागची बाजू वर केली, आणि जक्कय तिच्यावर चढला. आजोबा चाकाला दगड लावून शेवटपर्यंत धरून उभे राहिले. येशूनं वर पाहून ‘त्वरा करून खाली ये’ म्हटलं तेव्हा ‘सावकाश रे’ म्हणाले ते आजोबा, संहितेत नसलेले.

त्या दिवसापासून जक्कय उंबरावर चढत नाही. गाव देईल त्यावर चढतो. बैलगाडी, ट्रॅक्टरची ट्रॉली, पाण्याच्या टाकीची शिडी, मिरजेला रुग्णालयाच्या आवारात एकदा गादी टाकलेलं स्ट्रेचर. प्रयोगाआधी तासभर सर पोरांना घेऊन ‘उंच काहीतरी’ शोधायला निघायचे, आणि नाटक तिथंच सुरू झालेलं असायचं. जकातीचं मात्र आता समजावून सांगावं लागतं. २०१७ला जीएसटी आला, मुंबईतले राहिलेले जकात नाकेही गेले. ‘टोल नाक्यावरचा साहेब’ म्हटलं की पोरांना लगेच कळतं आणि मोठी माणसं पोरांच्या आधी हसतात.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी जुनी मेटाडोर घेतली. नाव ठेवलं ‘तारू’. नोहाच्या तारवात पाणी बाहेर राहायचं. आमच्यात आत यायचं. पावसाळ्यात हिरवी ट्रंक सीटवर आणि माणसं खाली असा नियम होता. पण तारवामुळे लांब जाता आलं: संगमनेर, जालना, सोलापूर, मिरज, वसई. वसईला पोरं नाटकभर आपसांत कादोडीत बोलत होती आणि आम्हाला अर्धंच कळत होतं. हसण्याच्या जागा मात्र त्याच. गोव्याला एकदा प्रयोगासाठी गेलो आणि शिकून आलो ते तियात्र. तिथे दोन प्रवेशांच्या मध्ये पडद्यापुढे येऊन ‘कांतार’ म्हणतात, मागे नेपथ्य बदलतं आणि प्रेक्षकाला रिकामं बसावं लागत नाही. १८९२पासून मुंबईत नि गोव्यात हे चाललेलं, आणि आम्ही इतकी वर्षं प्रवेशांच्या मध्ये अंधारात ‘एक मिनिट हं’ म्हणत होतो. परत येताना गाडीतच पेटीमास्तरांनी चार चाली बांधल्या.

भारनियमनाची वर्षं आठवतात? आठ-आठ, दहा-दहा तास वीज नाही. तेव्हा तारवाचे दिवे हाच आमचा प्रकाश. ऊसतोडीच्या हंगामात एका कारखान्याच्या तळावर गेलो. तिथली पोरं बहुतेक बीड-पाथर्डीकडची, आई-बापाबरोबर आलेली. शाळा गावाकडे आणि पोरं फडात. कोप्यांच्या मध्ये जागा केली, हेडलाइट लावले, ‘पाच भाकरी’ सुरू केलं. आमच्या भाकरी पुठ्ठ्याच्या, वर पिवळा रंग, सरांच्या हातच्या, फार सुबक. नाटकातल्या मुलानं भाकरी पुढे केली आणि पाच-सहा वर्षांची एक पोर उठून थेट रंगमंचावर आली. भाकरी हातात घेतली, उलटी केली, नखानं टोकरली. ‘पुठ्ठ्याची हाय,’ म्हणाली, आणि निघून गेली. नाटक पुढे चालू ठेवलं. शिष्यांनी टोपल्या आणल्या तेवढ्यात ती परत आली. परकराच्या ओच्यात बाजरीची अर्धी भाकरी होती. तिनं ती येशूच्या हातात दिली आणि जागेवर जाऊन बसली.

येशूचं काम पेटीमास्तर करायचे. एरवी त्यांना वाक्य विसरायची सवय नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मावशी प्रत्येक प्रयोगाआधी पाच भाकरी थापू लागल्या. प्रयोगानंतर त्या तिथल्या पोरांत वाटायच्या. मावशी गेल्यावर हे काम ज्याची पाळी असेल तो करतो. माझ्या भाकरीचा नकाशा होतो, पण पुठ्ठा नाही.

पैशाचं एक लिहायलाच हवं. काही वर्षं आपल्याला बाहेरून चांगली मदत मिळत होती. मग मदत देणाऱ्यांनी एक तक्ता पाठवला: प्रत्येक प्रयोगानंतर किती मुलांनी हात वर करून येशूला स्वीकारण्याचा निर्णय घेतला, ते भरायचं. सरांनी पहिल्या महिन्यात रकाना रिकामा ठेवला. विचारणा झाली तेव्हा त्यांनी कळवलं की शेजारच्यानं हात वर केला की पोर हात वर करतं, आणि लघवीला जायचं असलं तरी करतं; तो आकडा कशाचा म्हणून लिहू? मदत थांबली. दोन दौरे रद्द झाले, तारवाचं इंजिन उतरवून ठेवावं लागलं. आमच्यातले दोघे याच कारणानं सोडून गेले. त्यांच्या मते सर हट्टी होते आणि संस्था बुडवत होते. सर हट्टी होते हे खरं आहे.

आणि हिशेबात न येणारा खर्च. सर-बाईंची मुलगी तारवात वाढली. पाढे गाडीत, जेवण गाडीत, चौथीची स्कॉलरशिपची परीक्षा दौऱ्यामुळे हुकली. बोर्डिंगातली पोरं तिला ‘सलाम ताई’ म्हणायची तेव्हा ती आठ वर्षांची होती. आज ती पुण्यात सनदी लेखापाल आहे, आपलं ऑडिट विनामूल्य करते आणि प्रयोगाला येत नाही. स्मरणिकेसाठी दोन शब्द मागितले, तर ‘आकडे पाठवते’ म्हणाली. मागच्या पानांवरचा ताळेबंद तिचाच.

मार्च २०२०ला तारू शेवगावात उभं होतं. टाळेबंदी जाहीर झाली, ट्रंका मंडळीच्या पडवीत ठेवून जो तो घरी गेला. पुढे दीड-दोन वर्षं प्रयोग नाही. मोबाईलवर करून पाहिलं. गोधडी कुणावर टाकायची हा प्रश्न सुटेना, सोडून दिलं. पहिल्या लाटेत पेटीमास्तर गेले. ट्रंका उघडल्या तेव्हा दोन्ही सिंहांच्या आयाळी उंदरांनी नेल्या होत्या, गोधडी मात्र शाबूत होती.

सर आता दौऱ्यावर येत नाहीत, गुडघे येऊ देत नाहीत. खुर्चीत बसून तालमी घेतात. पेटीमास्तरांचा तो धाकटा मुलगा, एकेकाळचा जक्कय, आज पेटी वाजवतो आणि शंभर किलोच्या आसपास आहे. नवा जक्कय राहुरीचा, वय दहा. तारू भंगारात गेलं. त्याचा पुढचा दिवा तेवढा कार्यालयात लावला आहे. सध्या भाड्याची पिकअप असते.

मे महिन्याच्या दौऱ्यात नऊ गावं ठरली आहेत, तीन जागा शिल्लक आहेत. ज्या मंडळ्यांना, वसतिगृहांना किंवा शाळांना प्रयोग हवा असेल त्यांनी मागच्या पानावरच्या पत्त्यावर लिहावं. मानधन घेत नाही. राहायला एक खोली, पाच भाकऱ्यांचं पीठ आणि जक्कयला चढता येईल असं काहीतरी उंच लागतं. त्याचं वर्णन पत्रातच करावं. सिंहाची एक जागाही रिकामी आहे.